दांड्याचं दुसरं टोक

बगळेबुवांना पोहता येत नव्हतं. हसू नका. माणसानं उभी हयात पोहण्याच्या तलावांच्या काठावर काढली, क्लबचा, शाळेचा, हॉटेलचा, डॉक्टरांच्या बंगल्यामागचा, असे शहरातले झाडून सगळे तलाव साफ केले, आणि स्वतः कधी घोट्याच्या वर पाण्यात उतरला नाही. उंच काटकुळा देह, पांढरा सदरा, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पांढरी विजार, हातात लांबच लांब दांडा आणि नजर पाण्यावर. क्लबच्या रखवालदारानं पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव ‘बगळा’ ठेवून टाकलं. पुढे केस पिकले तेव्हा बगळ्याचे बगळेबुवा झाले, एवढीच काय ती बढती.

पाण्याला घाबरायचं आणि पाण्याचंच काम धरायचं, ही कुठली अक्कल, असं कुणीही विचारील. अक्कल नव्हे, नाइलाज होता. वडील क्लबच्या बागेत माळी. त्यांचा वशिला बागेच्या कुंपणापर्यंतच पोचायचा, आणि कुंपणाच्या आत तलाव होता. पोराला पानं काढायला जाळी दिली, पोरगं लागलं कामाला. एकदा हात बसला की माणूस काम बदलत नाही. शिवाय बुवांचं काम होतं चोख. तळाची फरशी अशी दिसायची की वर नाणं टाकलं तर छापा की काटा ते काठावरून सांगता यावं.

लग्नानंतर एके दिवशी व्हायचं तेच झालं. शेवाळलेल्या कडेवरून पाय सटकला आणि बुवा धप्पदिशी पाण्यात. आसपास चिटपाखरू नाही. नेमक्या त्याच वेळी बायको जेवणाचा डबा घेऊन फाटकातून आत येत होती. ही बायको म्हणजे काकू. साऱ्या क्लबात त्यांना काकूच म्हणत. लहानपण नदीकाठी गेलेलं, पाण्याची भीती कशाशी खातात हे ठाऊक नाही. त्यांनी डबा खाली ठेवला, सांडू नये म्हणून नीट सरळ ठेवला, हो, काठावर पडलेला दांडा उचलला आणि नवऱ्याच्या छातीपाशी खुपसला.

“धरा! अहो, धरा म्हणते ना! आधी ते ओरडणं बंद करा आणि धरा!”

बुवांनी धरलं. काकूंनी ओढत ओढत पायऱ्यांपाशी आणलं. मागाहून कळलं की तिथं पाणी जेमतेम छातीएवढं होतं, नुसते उभे राहिले असते तरी भागलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला आपल्याला पाय आहेत हे कुठं आठवतं!

“उद्यापासून मी येणार तुमच्याबरोबर,” काकू केस पुसून देता देता म्हणाल्या. “मला इतक्यात विधवा व्हायची हौस नाही.”

झालं, दुसऱ्या दिवसापासून जोडी निघाली. रखवालदाराला तर आयतं कोलीत मिळालं. “आले हो बगळा-बगळी!” असं तो रोज फाटक उघडताना म्हणायचा आणि काकू रोज त्याला “तुझ्या तोंडाला कुलूप लाव आधी” म्हणायच्या. यात कधी खंड पडला नाही.

आता नुसतं काठावर बसून नवऱ्याला बघत राहणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी आपल्यासाठी काम शोधून काढलं. तलाव साफ करायचा तर दांडा एकच, पण त्याच्या टोकाला आलटून पालटून तीन वस्तू लागतात: पानं काढायला जाळी, भिंती घासायला ब्रश आणि तळाचा गाळ ओढायला व्हॅक्यूमचं तोंड. तेव्हा ती प्रत्येक वस्तू बोल्ट आणि दोन कानांचा नट लावून बसवावी लागे. काकू कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर बसत. बुवा घोटाभर पाण्यातल्या पायरीवरून न हलता दांडा हळूच फिरवून त्याचं टोक काकूंच्या पुढ्यात आणत. हलायचं नाही, कारण हललं की पाणी ढवळतं आणि बसलेला गाळ उठतो. काकू टोक मांडीवर घेत, नट सोडवत, जाळी काढत, ब्रश चढवत, नट आवळत, आणि मग बोटातल्या अंगठीनं दांड्यावर दोनदा वाजवत.

दोनदा म्हणजे ‘झालं’. पोकळ नळीचा दांडा. ती टकटक कानांना ऐकू येत नसे, सरळ बुवांच्या तळव्यात येत असे. मग बुवा दांडा उचलत. एकदाच वाजलं तर ‘थांबा’. भराभर वाजलं तर ‘क्लबचे सेक्रेटरी आले, विडी टाका’. घरी भांडण झालेलं असलं की काकू अशी सणसणीत वाजवत की बुवांचे तळवे झिणझिणत. आणि भांडण मिटलं की दोन टिचक्यांनंतर जराशी थांबून, हलकीच, तिसरी एक यायची. ती आली की बुवांचा जीव भांड्यात पडायचा. घरात या दोघांचं बोलणं म्हणजे काय, तर मीठ संपलं, दार लावा, पंखा बंद करा. त्यांचा सगळा संसार खरा झाला तो त्या दांड्यावर, दोन टोकांना दोघं बसून. पण हे बुवांना तेव्हा माहीत नव्हतं. ज्याचं त्याला कधीच माहीत नसतं!

वर्षं गेली. क्लोरीनच्या पाण्यानं काकूंच्या बोटांची सालं निघू लागली. थंडीत पेरं सुजत, नट हलेना. काकू तो फडक्यात धरून, दात ओठ खाऊन फिरवत आणि तोंडानं मात्र हूं की चूं नाही. बुवांना सगळं दिसत होतं. दांड्याच्या त्या टोकाकडून टकटक यायला उशीर होई तेव्हा ते दांडा आणखी घट्ट धरत. दिसत होतं, कळत होतं, पण एकदा तरी तोंडानं “दुखतं का गं” विचारतील तर शपथ. मूग गिळून बसायचे नुसते.

मग एकदा क्लोरीन आणायला दुकानात गेले असताना दुकानदारानं एक हँडल पुढ्यात ठेवलं.

“हे बघा, नवीन आलंय. खटक्याचं. जाळी म्हणा, ब्रश म्हणा, सगळ्यांना एकच खोबण. ही दोन बटणं दाबायची, सरकवायचं, की टक्! नट नाही, बोल्ट नाही, पाना नाही.”

बुवांनी हातात घेतलं. बटणं दाबली, सरकवलं. टक्. काढलं, पुन्हा बसवलं. टक्. लहान मुलासारखे किती वेळ तेच करत बसले. दुकानदार हसायला लागला. बुवांच्या मनात एकच चाललं होतं: सुटली बिचारीची बोटं. सुटली एकदाची.

हेच वाक्य घरी जाऊन जसंच्या तसं म्हटलं असतं तर पुढचं काही सांगायची वेळच आली नसती. पण चांगलं करायचं आणि वाईट बोलायचं, हे काही माणसांना कोण शिकवतं कोण जाणे! बुवा घरी आले ते उड्या मारतच. काकू स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. बुवांनी ते हँडल बसवलेला नवा दांडा आत घेतला, तो आधी दारात अडकला, मग दिव्याला लागला, कसाबसा आत आला. टक् करून ब्रश लावून दाखवला, टक् करून जाळी लावून दाखवली, आणि छाती फुगवून म्हणाले,

“बघ! आता तुझ्यावाचून माझं काहीसुद्धा अडणार नाही!”

कपाळ! काय म्हणायचं होतं आणि काय म्हणून बसले!

काकूंनी हात पुसले. हँडल घेतलं, एकदा स्वतः लावून बघितलं. टक्.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “बरं झालं.” आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा दारात दांडा घेऊन उभे राहिले. आतून काही हालचाल नाही. बुवांना वाटलं, आज विश्रांती घेतेय, घेऊ दे, हक्काची आहे. “येतो गं!” म्हणून निघून गेले. पायऱ्या उतरताना त्यांना अगदी मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

एकट्यानं काम भराभर उरकू लागलं, यात खोटं नाही. टक् करून जाळी, टक् करून ब्रश. शाळेचा तलाव तर दुपारच्या आतच चकचकीत. मग उरलेल्या वेळाचं करायचं काय? बुवा त्या रिकाम्या स्टुलावर बसून डबा खात. डब्यातलं सगळं तेच होतं, तरी अर्धा डबा तसाच घरी परत जायचा. एकदा त्यांनी दांड्यावर स्वतःच दोनदा वाजवून पाहिलं. आपल्याच हातानं आपल्याच हाताला सांगायचं, त्यात काय येणार? इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं नाही ना, आणि लागले कामाला.

आता आज येईल, उद्या येईल, म्हणून बुवा वाट बघत राहिले. बोलवायचं मात्र नाही! कारण काय, तर एकदा अडणार नाही म्हटलंय ना, मग आता कुठल्या तोंडानं बोलवायचं? आणि काकू तर नाकावर माशी बसू न देणाऱ्या. त्या कशाला म्हणतील, मला न्या म्हणून? दोघंही आपापल्या जागी ताठ. मध्ये दांडा नाही, टकटक नाही, कोण कुणाला काय सांगणार?

अशातच गल्लीच्या तोंडाशी एका बाईनं पडदे शिवायचं दुकान टाकलं. पडदेवाली एकटी. हॉटेलांचे, सभागृहांचे हे लांबच लांब पडदे, ती एकटी कापणार कशी? येता जाता काकूंनी एकदा कापडाचं टोक धरलं. दुसऱ्या दिवशीही धरलं. मग जाऊच लागल्या. बुवा घरी येत तेव्हा दाराला कुलूप असे आणि किल्ली शेजारी.

बुवांचा धीर सुटला. तरी सरळ बोलतील तर ते बुवा कसले! ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय जन्माची. एका सकाळी काकूंना ऐकू जाईल अशा बेतानं खटका खटखटवत म्हणाले,

“हे हँडल काही धड नाही बुवा. खटका अडकतो. परत तो जुना नटच लावावा म्हणतो.”

काकू वेणी घालत होत्या. आरशातून त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं. जरा वेळ थांबल्या, जणू पुढं काही येतंय का ते बघत होत्या. पुढं काही आलं नाही.

“दुकानात दाखवा,” त्या म्हणाल्या. “गॅरंटी असेल त्याची.”

बुवा हँडल घेऊन मुकाट निघाले. खटका ठणठणीत होता, हे सांगायला नकोच.

त्याच दिवशी क्लबात एक गोष्ट झाली. बुवा कडेनं ब्रश मारत चालले होते आणि रखवालदार आपला चार पावलं मागे. बुवा थांबले की तोही थांबायचा. हे बरेच दिवस चाललं होतं, पण आज बुवांचं डोकं आधीच फिरलेलं.

“काय रे, माझ्या मागे मागे शेपटासारखा काय फिरतोस? फाटक सोडून इथं काय आहे तुझं?”

“काकूंनी सांगितलंय,” रखवालदार म्हणाला.

“काय सांगितलंय?”

“लक्ष ठेवायला. तुमचा तो खटका आला ना, त्याच संध्याकाळी आल्या होत्या. म्हणाल्या, यांना पोहता येत नाही. गावभर करू नकोस, पण नजर असू दे. तो जुना दांडापण त्यांनीच तिथं खांबाला लावून ठेवलाय. हलवायचा नाही, हाताशी असू दे, म्हणाल्या.”

बुवांनी वळून बघितलं. खांबाला जुना दांडा टेकवलेला होता, टोकाला दोन कानांचा नट तसाच. रोज समोर होता आणि दिसला नव्हता.

“मला आपलं वाटायचं, काकू नट फिरवायला येतात,” रखवालदार म्हणाला.

“मलासुद्धा,” बुवा म्हणाले.

खोटं नव्हतं ते. ती पहिल्या दिवशी कशासाठी आली होती, हे बुवा विसरून गेले होते. नटापायी येते असं समजून त्यांनी नट घालवला आणि नटाबरोबर तिला घालवलं. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा म्हणजे किती नेमका मारावा!

ब्रश तिथंच टाकून बुवा तडक पडद्यांच्या दुकानाशी आले. दाराला काच होती. आत एक निळा पडदा घडी घालायचं चाललं होतं. एका टोकाला पडदेवाली, दुसऱ्या टोकाला काकू. दोघी कापड ताणत मागे जात, मग एकमेकींकडे चालत येत, टोकाला टोक मिळवत, पुन्हा मागे जात. पडदेवाली काहीतरी म्हणाली आणि काकू इतक्या हसल्या की त्यांच्या हातचं टोक सुटलं. त्यावर दोघी आणखी हसल्या. आपली बायको अशी खदखदून हसते, हे बुवा किती दिवसांनी बघत होते देव जाणे. आत जावं की परत फिरावं, हेच त्यांना कळेना.

काकूंनी त्यांना पाहिलं आणि घाईनं बाहेर आल्या. अंगावर निळे दोरे चिकटलेले.

“काय झालं? पडलात का कुठं?”

“नाही. पडलो नाही.” बुवा मग एका दमात म्हणाले, “तू चल उद्यापासून. तुझ्यावाचून अडतं गं माझं.”

काकू अंगावरचा एक दोरा उचलून तो बोटाला गुंडाळत राहिल्या.

“मी रोज चपला घालून आत बसत होते,” शेवटी म्हणाल्या. “ते नवीन हँडल आणलंत त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हटलं, आता हाक मारतील. नुसतं ‘चल’ म्हणाले तरी निघायचं. तुम्ही आपले ‘येतो गं’ म्हणायचात आणि जायचात. किती दिवस बसायचं माणसानं चपला घालून?”

“आता म्हणतोय ना. चल.”

“आता नको हो.” काकूंच्या आवाजात राग असता तर बुवांना बरं वाटलं असतं. रागाची त्यांना सवय होती. “आता इथं माझ्यावाचून अडतं.”

आतून हाक आली, “काकू, टोक धरताय ना?”

“आले, आले!” म्हणत काकू आत गेल्या.

बुवा क्लबात परतले. ब्रश पडला होता तिथंच होता. टक् करून काढला, टक् करून जाळी लावली. रखवालदार मागे येऊन उभा राहिला, बुवांनी त्याला उभं राहू दिलं. बैल गेला आणि झोपा केला, आणखी काय? पुढे कितीतरी दिवस त्यांनी काकूंना पुन्हा ‘चल’ म्हटलं नाही. म्हणायचा हक्क आपणच घालवला, हे त्यांना पटलं होतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी काकू घरामागच्या दोरीवरून चादरी काढत होत्या. मोठी चादर, एकटीच्या आवाक्यात येईना. त्यांनी एक टोक हनुवटीखाली दाबलं होतं आणि दोन्ही हात लांब करून दुसरी टोकं शोधत होत्या. बुवा पायरीवर बसून बघत होते. ही चादर ती आजवर अशीच हनुवटीखाली धरत आली असणार, आणि आपण आजवर असेच पायरीवर बसत आलो असणार, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. ते उठले, गेले आणि दुसरं टोक धरलं.

काकूंनी भुवया उंचावल्या. चादर ताणली गेली. बुवा थांबले. आता पुढं यायचं की मागं जायचं, त्यांना समजेना. सवयीनं ते वाट बघत राहिले, त्या टोकाकडून तळव्यात काही येईल म्हणून. पण कापडातून कुठली टकटक यायची! शेवटी काकूच चालत पुढं आल्या आणि त्यांनी टोकाला टोक लावलं. त्यांची बोटं बुवांच्या बोटांना लागली. सालं निघायची थांबली होती. पेरं पहिल्यासारखी टणक सुजलेली नव्हती.

“दुखत नाहीत आता?” बुवांनी विचारलं. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

“काय?”

“बोटं.”

“नाही. आता नट कुठं फिरवायचाय!”

“त्यासाठीच आणलं होतं गं ते हँडल,” बुवा म्हणाले. “तुझी बोटं सुजायची, मला बघवायचं नाही. दुसरं काही नव्हतं माझ्या मनात.”

काकू तिथंच थांबल्या. चादरीची घडी दोघांच्या मध्ये, चार हातांत धरलेली. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे असं बघितलं, जसं कोणी फार दिवसांनी घरी परतलेल्या माणसाकडे बघतं. डोळे भरून आले होते, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

“मग तसं म्हणायचं होतं ना,” त्या म्हणाल्या. “एवढंच म्हणायचं होतं.”

काकूंनी नाक ओढलं, घडी आपल्याकडे घेतली आणि हलकेच ओढली.

“सोडा आता. झालं.”

दोन टिचक्यांचा हा शब्द त्यांनी तोंडानं कधी म्हटला नव्हता. बुवांना तो जन्मभर हातात ऐकू आला होता, आणि ऐकला की दांडा उचलायचा, एवढंच हातांना माहीत होतं. आज उचलायला काही नव्हतं. टोक सोडायला हवं होतं, तर बोटं सुटेनात.

काकूंनी पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

“अहो, सोडा ना,” त्या म्हणाल्या. “अजून दोन चादरी आहेत.”